घरच्या गॅलरीत बेन्झोइक अ‍ॅसिडचे क्रिस्टल: पहिल्यांदाच करताय त्यांच्यासाठी

केचपच्या बाटलीमागे बारीक अक्षरात ‘आयएनएस २११’ असं छापलेलं असतं ना, ते सोडियम बेन्झोएट. घरी कोकमाचं नाहीतर जांभळाचं सिरप करणाऱ्यांना ते माहीत असतं, कारण केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, दुसरं एक प्रिझर्वेटिव्ह) टाकलं की रंग उडतो म्हणून रंगीत फळांना हेच घालतात. आईच्या डब्यातली उरलेली पुडी बघून माझ्या डोक्यात आलं की यातून बेन्झोइक अ‍ॅसिड काढायचं, शुद्ध करायचं आणि त्याचे छान क्रिस्टल पाडायचे. बीएस्सीला हे प्रॅक्टिकल मी केलंय असं जर्नल सांगतं, पण खरं म्हणजे तेव्हा पार्टनरने केलं होतं आणि मी आकडे उतरवले होते. त्यामुळे घरी करताना जेवढ्या चुका होऊ शकतात तेवढ्या सगळ्या झाल्या. तुमच्या होऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी एक सांगते. यात अवघड काही नाही, सगळा खेळ पाण्याचा आहे. पाणी किती घेतलं आणि ते किती हळू थंड होऊ दिलं, एवढ्यावर तुमचं निम्म्याहून जास्त यश ठरतं.

१. हाच पदार्थ का घ्यायचा

खडीसाखर सगळ्यांना माहितीये, दोरा टाकून पाकात ठेवायची. साखरसुद्धा याच्यासारखी ऑरगॅनिक म्हणजे कार्बनी पदार्थच, पण ती थंड पाण्यात पण भरपूर विरघळते, त्यामुळे नुसतं गार करून ती पटकन खाली बसत नाही, दिवसच्या दिवस वाट बघावी लागते. बेन्झोइक अ‍ॅसिडचं उलट आहे. १०० मिली पाण्यात ते किती विरघळतं बघा: उकळत्या पाण्यात सुमारे ५.६ ग्रॅम, ७५ अंशाला २.१, ४० अंशाला ०.५५, २५ अंशाला ०.३४ आणि बर्फाच्या पाण्यात जेमतेम ०.१७. म्हणजे उकळत्या पाण्यात मावलेलं बहुतेक सगळं गार झाल्यावर बाहेर पडणार, आणि कचरा थोडाच असेल तर तो पाण्यातच विरघळलेला राहणार. शुद्ध करायची युक्ती एवढीच.

हे आकडे कागदावर लिहून समोर चिकटवा, पुढे पदोपदी लागतील.

दुसरं कारण म्हणजे फक्त पाण्यावर काम भागतं. स्पिरिट, अ‍ॅसिटोन, पेट्रोल असल्या पेटणाऱ्या द्रावकांच्या वाटेला घरात पहिल्याच वेळी जाऊच नका, व्हिडिओत कितीही सोपं दिसलं तरी.

२. काय काय लागेल

- सोडियम बेन्झोएट १० ग्रॅम (केक आणि सिरपचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं)
- लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड २५ ग्रॅम, किराणा दुकानातलं चालतं
- डिस्टिल्ड वॉटर २ लिटर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं ते. आरओचं पण चालून जातं
- बोरोसिलचे बीकर, २५० आणि ५०० मिलीचे, आणि काचेची कांडी
- काचेचं फनेल, फिल्टर पेपर, जुन्या मलमलीचा धुतलेला तुकडा
- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा
- पीएच पेपर, ० ते २०० अंशांचा थर्मामीटर, एका बाजूने बंद असलेल्या केशनळ्या (काचेच्या केसासारख्या बारीक नळ्या)
- हॉट प्लेट किंवा इलेक्ट्रिक शेगडी
- फुटलेल्या पणतीचे दोन-चार छोटे तुकडे, कशाला ते पुढे सांगते
- बर्फ, चष्मा, हातमोजे

चष्मा म्हणजे लॅबचा बंद गॉगल, नंबरचा नाही. बेन्झोइक अ‍ॅसिड डोळ्यात गेलं तर ते नुसतं चुरचुरण्यावर थांबत नाही, डोळ्याला गंभीर इजा होते. आणि इथे आलेलं कुठलंही भांडं परत स्वयंपाकघरात जाणार नाही. मी सगळ्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवलाय, घरात सगळ्यांना माहितीये लाल ठिपका म्हणजे हात लावायचा नाही.

काचसामान मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या आसपास मिळतं, बाकी शहरांत शाळा-कॉलेजला सामान पुरवणारे दुकानदार असतातच. कशाला हवंय विचारतील, सरळ सांगा. मी आडून आडून बोलले तर दुकानदाराला उलट जास्तच संशय आला.

३. आधी हिशोब, मग शेगडी

सोडियम बेन्झोएटचं रेणुभार १४४, बेन्झोइक अ‍ॅसिडचं १२२. म्हणजे १० ग्रॅम बेन्झोएटमधून जास्तीत जास्त ८.५ ग्रॅमच्या आसपास अ‍ॅसिड निघेल. याहून जास्त वजन आलं तर खूश होऊ नका, माल ओला आहे.

बेन्झोएटमधून हे बाहेर काढायला त्यात दुसरं आम्ल घालावं लागतं, आपण लिंबूसत्व घालणार आहोत. मग व्हिनेगर का नको, हे मला तिघांनी विचारलंय. व्हिनेगरमधलं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड बेन्झोइकपेक्षा कमजोर आहे, आणि कमजोराने जोरदाराला जागेवरून पूर्ण हलवता येत नाही, त्यामुळे बराच माल बेन्झोएट म्हणून पाण्यातच बसून राहतो. सायट्रिक बेन्झोइकपेक्षा जोरदार आहे, शिवाय खायचं असल्याने भीती नाही. कॉलेजात यासाठी हायड्रोक्लोरिक वापरतात, पण ते घरात आणून त्याच्या वाफांशी खेळायची काही गरज नाहीये.

४. दही लावल्यासारखं: अ‍ॅसिड बाहेर काढणं

बेन्झोएट ५० मिली पाण्यात ढवळा, लगेच विरघळतं. दुसऱ्या बीकरमध्ये लिंबूसत्व ४० मिली कोमट पाण्यात विरघळवा. दोन्ही पाणी आरपार स्वच्छ दिसलं पाहिजे, गढूळ असेल तर आत्ताच गाळून घ्या. दोन्ही गार होऊ द्या.

आता लिंबूसत्वाचं पाणी थोडं थोडं करत बेन्झोएटमध्ये ओता आणि ढवळत राहा. पहिल्या चमच्यालाच पांढरं दिसायला लागतं, आणि निम्मं ओतून होईपर्यंत सगळं दह्यासारखं घट्ट होतं, कांडी उभी राहील की काय असं वाटतं. मी पहिल्यांदा इथे घाबरले आणि पातळ करायला पाणी ओतलं. ओतू नका! तसंच घोटत राहा, सगळं लिंबूसत्व जाऊ दे, मग पीएच पेपर लावून बघा, ३ च्या आसपास आलं पाहिजे. ४ च्या वर असेल तर अजून थोडं लिंबूसत्व.

बीकर पंधरा मिनिटं बर्फात ठेवा, मग फनेलवर मलमल टाकून गाळा. इथे फिल्टर पेपर वापरला तर तो तुंबतो आणि तुम्ही तासभर थेंब मोजत बसता. कापडाची पुरचुंडी करून हलक्या हाताने पिळली तरी चालेल, कापडाचे तंतू पुढे गाळताना जातात. बर्फाच्या पाण्याने दोनदा धुवा, दर वेळी १५ मिली, जास्त नाही. नळाखाली धरून खळखळून धुतलं तर त्या पाण्याबरोबर तुमचाच माल मोरीत जातो.

हातात जे राहिलं तो कच्चा माल. पांढरा दिसतो म्हणून शुद्ध समजू नका, त्यात सायट्रेट आणि सोडियम अजून अडकलेलं आहे.

५. पाणी किती

इथेच सगळे घसरतात, मी पण घसरले. पहिल्या वेळी ट्रायल म्हणून २ ग्रॅम कच्चा माल घेतला आणि जास्त पाणी म्हणजे जास्त स्वच्छ असं वाटून अर्धा लिटर पाण्यात उकळला. सगळं मस्त विरघळलं, रात्रभर झाकून ठेवलं, सकाळी बघते तर तळाला चिमूटभर चकाकी. आता वरचे आकडे बघा: २५ अंशाला अर्ध्या लिटरमध्ये १.७ ग्रॅम विरघळलेलंच राहतं, मग २ ग्रॅममधून खाली पडणार काय, कपाळ?

बरं मग उकळून पाणी आटवू म्हटलं, तर ती दुसरी चूक. बेन्झोइक अ‍ॅसिड वाफेबरोबर उडतं आणि ती वाफ घशाला अशी लागते की ठसका थांबत नाही. मिरचीच्या फोडणीसारखं, पण वास जवळजवळ नाही म्हणून कळत नाही कुठून येतंय. म्हणून हे काम गॅलरीत, वारा जिकडून येतोय तिकडे पाठ करून, आणि बीकरवर डोकं न नेता.

आता पाणी कमी घेतलं तर काय होतं ते पण सांगते. ८ ग्रॅम माल आणि १०० मिली पाणी घेतलं तर उकळताना तळाला तेलासारखे थेंब जमतात. ते तेल नाही, ते वितळलेलं बेन्झोइक अ‍ॅसिडच आहे, कोरडं असताना ते १२२ अंशाला वितळतं, पण पाण्यात असताना त्याच्या बऱ्याच आधी असं वितळतं. कितीही उकळा, ते विरघळणार नाही, आणि तसंच गार केलं तर त्याचे गोळे होतात आणि गोळ्यात सगळी घाण बंद. थेंब दिसले की १०-२० मिली उकळतं पाणी घाला, ढवळा, अजून दिसले तर अजून घाला.

माझं प्रमाण असं बसलंय: ८ ग्रॅमला २०० मिली. आकड्यांप्रमाणे १५० मध्ये पण मावतं, पण गॅलरीत पाणी पूर्ण १०० अंशाला राहत नाही, थोडं उडतं, थोडं गाळताना गार होतं, म्हणून हात सैल सोडायचा. कच्चा माल ओला असला तरी ८ धरूनच चला.

६. विरघळवणं

५०० मिलीच्या बीकरमध्ये माल घाला, १५० मिली पाणी घाला, पणतीचे तुकडे टाका. भाजलेल्या मातीच्या भोकांतून बुडबुडे हळूहळू सुटत राहतात, नाहीतर पाणी गप्प बसतं आणि एकदम उसळतं. हे तुकडे गार असतानाच टाकायचे, उकळत्यात टाकले तर तेच उसळवतात. दुसऱ्या बीकरमध्ये नुसतं पाणी उकळत ठेवा. मग त्यातलं थोडं थोडं घालत जा, शेवटचा कण दिसेनासा झाला की थांबा आणि वर अजून २० मिली घाला.

दोन-चार काळे ठिपके, तंतू असं काही राहतंच आणि ते कितीही पाणी घातलं तरी विरघळणार नाही, त्याच्या नादात पाणी वाढवत बसू नका.

कोळशाबद्दल: रंग घालवायला अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल टाकतात. खाण्याच्या प्रतीचं बेन्झोएट पांढरंच असतं, गरज नाही, आणि कोळसा थोडा माल पण खातो. पाणी पिवळसर दिसतच असेल तर शेगडीवरून उतरवून, उकळी पूर्ण बसल्यावर पाव चमचा टाका, मग परत गरम करा. उकळत्यात टाकलात तर फेस थेट बाहेर येतो. आमच्या गॅलरीच्या लादीवर तो काळा नकाशा अजून आहे.

७. गरम गरम गाळणं

हिशोब केलात तर कळेल की ७५ अंशाला येईपर्यंत आपल्या ८ ग्रॅममधलं जवळजवळ निम्मं बाहेर पडलेलं असतं. म्हणजे गाळताना रेंगाळलात तर क्रिस्टल फनेलच्या नळीतच होणार आणि नळी बंद. म्हणून आखूड नळीचं फनेल घ्या, आधी त्यातून उकळतं पाणी ओतून ते तापवा, फिल्टर पेपरला पंख्यासारख्या चुण्या घाला म्हणजे पटकन गळतं. एका वेळी थोडंच ओता, बाकीचं शेगडीवर राहू दे. जाड कापडाने धरा, आणि मांजर, मुलं, फोन सगळं लांब.

पेपरवर पांढरं साठलंच तर थोडं उकळतं पाणी त्यावर सोडा, जातं खाली. आणि तुमच्या पाण्यात काहीच कचरा दिसत नसेल, कोळसा पण टाकला नसेल, तर ही पायरी सरळ सोडा. पणतीचे तुकडे चमच्याने काढले की झालं. उगाच गाळून माल घालवण्यात काय अर्थ.

८. हात न लावणं

ही पायरी सगळ्यात कठीण, कारण काहीच करायचं नसतं. बीकरवर ताटली झाका, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळा, लाकडी पाटावर ठेवा आणि जा. लगेच बर्फात ठेवलं तर बारीक भुगा पडतो आणि भराभर वाढताना कण आपल्याबरोबर घाण ओढून घेतात. हळू गार झालं तर प्रत्येक कणाला आपल्यासारखाच रेणू शोधून बसवायला वेळ मिळतो.

मी अर्थातच टॉवेल उघडून बघत बसले होते, आणि बघण्यासारखंच असतं ते. आधी वरच्या पृष्ठभागावर, काचेच्या कडेला, एखादी चकाकी येते, धुळीचा कण वाटावा एवढी. मग ती लांब होते, सुईसारखी, तिला बाजूला दुसरी फुटते, पीस दिसावं तशी. जराशाने ती स्वतःच्या वजनाने सुटून गोल गोल फिरत खाली जाते आणि फिरताना एकदा उजेड पकडते, एकदा सोडते. अर्ध्या तासात बीकरभर अभ्रकाचा चुरा उडतोय असं दिसतं. मुलीने शाळेतून आल्यावर विचारलं की हे विकत आणलंस का.

तीन-चार तासांत पूर्ण गार होतं. मगच बर्फाच्या पाण्यात अर्धा तास.

गार होऊनही काहीच आलं नाही तर? द्रावण कधी कधी अडून बसतं. काचेच्या कांडीने बीकरच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेपाशी, दोन-चारदा घासा, त्या सूक्ष्म ओरखड्यावर सुरुवात होते. नाहीतर कच्च्या मालातला एक कण टाका, विरजण लावतो तसंच. त्यानेही नाही झालं तर पाणी जास्त झालंय, पाचवा मुद्दा परत वाचा.

९. गाळणं आणि वाळवणं

आता फिल्टर पेपर. क्रिस्टल दाबू नका, फक्त निथळू द्या, १० मिली बर्फाच्या पाण्याने एकदा धुवा. खाली जमलेलं पाणी टाकू नका.

वाळवायला दोन पेपरांमध्ये पसरून वर जाळीचं झाकण, दोन दिवस. पावसाळ्यात चार. ओव्हनमध्ये नको, ते तिथे उडून जातं आणि ओव्हन कायमचा लाल ठिपक्यात जातो. आणि पंखा बंद! हे पापुद्रे इतके हलके असतात की मी दुसऱ्या बॅचला पंखा एकवर लावला आणि मग ब्रशने टेबलावरून गोळा करत बसले.

नंतरच्या बॅचला १० ग्रॅम बेन्झोएटमधून ६.४ ग्रॅम आले, म्हणजे साधारण ७६ टक्के. ६ ते ७ च्या मध्ये आलं तर तुमचं काम नीट झालं असं समजा.

१०. शुद्ध आहे हे कळणार कसं

दिसण्यावर जाऊ नका. वितळबिंदू बघा. शुद्ध बेन्झोइक अ‍ॅसिड १२२ अंशाला वितळतं, आणि पटकन, अंश-दीड अंशात सगळं. कचरा असेल तर आधीच वितळायला लागतं आणि रेंगाळत वितळतं.

क्रिस्टल बारीक करून केशनळीच्या उघड्या तोंडाने उचला, बंद टोक टेबलावर टकटक आपटून २-३ मिलिमीटर भरा. नळी थर्मामीटरला दोऱ्याने बांधा, माल थर्मामीटरच्या फुग्याशेजारी यायला हवा. छोट्या बीकरमध्ये शेंगदाण्याचं तेल घेऊन त्यात बुडवा, नळीचं उघडं तोंड तेलाच्या बरंच वर. तेलात पाण्याचा थेंबही नको, १०० च्या वर तो तडतडून अंगावर येतो. ११० पर्यंत जरा भरभर, मग मिनिटाला एक-दोन अंश, मध्ये मध्ये ढवळत. माझा कच्चा माल ११५ लाच ओलसर दिसायला लागला आणि १२० ला संपला, क्रिस्टल १२१ ला सुरू होऊन १२२ ला आरपार. माल नीट वाळलेला नसेल तरी आकडा खाली येतो, तेव्हा लगेच परत विरघळवून नवे क्रिस्टल पाडायला धावू नका, आधी एक दिवस अजून वाळवा.

जाता जाता: या अ‍ॅसिडचं नाव लोबानावरून आलंय. अरबीतलं ‘लुबान जावी’ युरोपात फिरत फिरत बेन्झोइन झालं, आणि सोळाव्या शतकातच लोक लोबान तापवून त्याच्या वाफेतून हे पांढरे क्रिस्टल गोळा करत होते. त्याच्या रेणूत काय आहे ते १८३२ मध्ये लीबिग आणि व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी शोधून काढलं. धुपाटण्यात लोबान टाकल्यावर घसा खवखवतो, त्या धुरात थोडं हे पण असतं.

११. बाटली, लेबल आणि उरलेलं पाणी

झाकण घट्ट बसणारी काचेची बाटली, लेबलवर नाव, तारीख, वितळबिंदू आणि मोठ्या अक्षरात ‘खायचं नाही’. हो, प्रिझर्वेटिव्हच आहे, पण तुमच्या गॅलरीत बनलेलं सिरपमध्ये घालायचं नाही, त्यात काय काय राहिलंय हे वितळबिंदू सगळं सांगत नाही.

चौथ्या पायरीतलं सायट्रेटचं पाणी भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडलं तरी चालतं, एवढ्याशा प्रमाणात त्याने काही बिघडत नाही. नवव्या पायरीतलं पाणी मात्र बीकरमध्येच पेपर झाकून खिडकीत आठवडाभर विसरून जा. ते इतकं हळू आटतं की मोजके पण मोठे पापुद्रे पडतात. माझे नखाएवढे झाले होते, मुख्य बॅचमध्ये तसा एकही नव्हता. ते मी वेगळ्या बाटलीत ठेवलेत.